शंखपादाच्या पाठीवरचे वळ

पूर्वी मेखलानगरीत दृढकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व अश्वदमकांच्या कुळात जन्माला आला. घोड्यांना शिकवून तयार करणे हे त्या घराण्याचे काम. तो वयात आल्यावर राजाने पागेचा सारा भार त्याच्यावर सोपवला. नगराच्या पूर्व वेशीबाहेर नदीकाठी त्याचे कुरण होते. तिथे घोडे होते, शिकायला आलेले तरुण होते, पण आसूड नव्हता. पहिल्या पहिल्यांदा लोक हसले. पुढे त्याच्या हाताखालचे घोडे रणात आणि गर्दीत कसे उभे राहतात हे पाहिल्यावर हसणे थांबले, आणि दूरदूरचे लोक आपली मुले त्याच्याकडे धाडू लागले. ती मुले त्याला आचार्य म्हणत.

त्या मुलांत सोमिल नावाचा एका रथकाराचा मुलगा होता. वय अठराच्या आसपास, अंगाने दणकट, कामाला वाघ. पण तो मोठ्या गोंधळात पडला होता. येऊन दीड वर्ष झाले तरी आचार्यांनी त्याला घोड्यावर बसू दिले नव्हते. खरारा करायचा, पाणी पाजायचे आणि रोज सकाळी कुंपणाच्या आत एखाद्या अडाणी शिंगरासमोर नुसते उभे राहायचे. हात खाली सोडलेले. शिंगरू आपल्या पायांनी जवळ येईपर्यंत हलायचे नाही. अंगावर माश्या बसत, ऊन चढे, शिंगरू पलीकडे चरत राही.

एकदा न राहवून त्याने विचारले, "आचार्य, मी याला शिकवतोय की हा मला?"

"तू तुझ्या हातांना शिकवतो आहेस," आचार्य म्हणाले. "ते निवांत झाले की हा येईल."

सोमिलने पुष्कळ विचार केला. कधी तो मनातून अगदी शांत असे आणि शिंगरू ढुंकून पाहत नसे. कधी आतून धुमसत असे आणि नेमके तेव्हाच ते येऊन त्याचा पंचा चावू लागे. यात काय शिकायचे, हे त्याला उमगेना.

त्या वर्षी पागेत शंखपाद नावाचा तीन वर्षांचा घोडा होता. रंग तांबूस, चारही पाय गुडघ्यापर्यंत शंखासारखे पांढरे. राजाने तो आपल्या मुलासाठी, कुमार इंद्रजवासाठी निवडला होता. वसंतोत्सवात कुमाराला युवराज म्हणून घोषित करायचे होते, आणि त्या दिवशी शंखपादावर बसून त्याने राजमार्गावरून जायचे होते. उत्सवाला चार महिने उरले असताना राजाच्या सीमेवर ठेवलेल्या घोड्यांत साथ पसरली आणि आचार्यांना तिकडे जावे लागले.

जाताना त्यांनी शंखपादाला सोमिलच्या हवाली केले. "त्याला नवं काही शिकवू नकोस. रोज त्याच्याजवळ उभा राहा, एवढंच. मी महिन्याभरात येतो."

सोमिलची छाती फुगली. पहिले आठ दिवस तो सांगितल्याप्रमाणे उभा राहिला. राजवाड्यातून दर तिसऱ्या दिवशी माणूस यायचा. "घोडा पाठीवर झूल घेतो का? कुमार कधी बसतील? महाराज विचारत आहेत." सोमिल "लवकरच" म्हणायचा आणि माणूस गेला की शंखपादाकडे बघत बसायचा.

नवव्या दिवशी त्याने स्वतःच्या मनाने झूल आणली. पाठीवर टाकतो न टाकतो तोच शंखपादाने मान वळवून त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. सोमिलच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. कुंपणाला गवत आणणाऱ्या गाडीवानाचा आसूड टांगलेला होता. तो हातात केव्हा आला आणि केव्हा चालला, हे त्याला नंतर आठवेना. एवढे आठवत होते की घोडा जागच्या जागी थिजला, त्याची कातडी थरथर कापत होती, आणि मग त्याने निमूटपणे झूल अंगावर घेतली.

सोमिल चकित झाला. दीड वर्ष उभे राहून जे झाले नाही, ते एका क्षणात झाले. त्याला वाईट वाटले, पण आनंदही झाला. दोन्ही एकदम कसे वाटते, हे त्याला कळेना. त्या दिवशी त्याने ठरवले की पुन्हा असे करायचे नाही. दुसऱ्या दिवशी घोडा वळेना, तेव्हा त्याने पुन्हा आसूड काढला.

बारा दिवसांत शंखपाद चालू लागला, थांबू लागला, वळू लागला. पुढे पुढे मारावेही लागेना, हात नुसता वर केला की पुरे. राजा स्वतः पाहायला आला आणि खूश होऊन त्याने आपल्या खांद्यावरचा शेला सोमिलच्या खांद्यावर टाकला. सगळ्या कुरणात कौतुक झाले. फक्त एक गोष्ट सोमिलला खटकत होती. शंखपाद आता सांगेल ते सारे करी, पण त्याच्याकडे कधी पाहत नसे.

आचार्य परतले. हातपाय धुऊन ते कुंपणात गेले आणि उभे राहिले. पूर्वी त्यांची चाहूल लागताच फुरफुरत येणारा शंखपाद कोपऱ्यात उभा राहिला. तेव्हा तेच हळूहळू त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या पाठीवरून तळवा फिरवला. केसांखाली बोटांना वळ लागत होते.

"मी नसताना काय झालं?" त्यांनी विचारले.

"काही नाही," सोमिल म्हणाला. "तो शिकला."

आचार्यांनी तळवा घोड्याच्या पाठीवर बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'चा अर्थ सोमिलला दिवसभर लागेना. त्यांना कळले असेल तर ते रागावले का नाहीत? कळले नसेल तर पाठीवर हात इतका वेळ का ठेवला?

दुसऱ्या दिवशी आचार्य राजाकडे गेले आणि म्हणाले, "महाराज, कुमारांना या उत्सवात दुसरा घोडा द्यावा. शंखपादासाठी मला एक वर्ष हवं."

"मी डोळ्यांनी पाहिलं आहे तो कसा चालतो ते," राजा म्हणाला. "त्याच्यात कमी काय आहे?"

"तो तयार नाही."

"का नाही?"

आचार्य एवढेच म्हणाले, "महाराज, तो तयार नाही, हे माझं सांगणं आहे." राजाला वाटले, शिष्याने बाजी मारली म्हणून गुरूला सलते आहे. नगरातही लोक तसेच बोलू लागले. ते बोलणे सोमिलच्या कानावर आले, आणि लाज वाटण्याऐवजी त्यातले थोडेसे त्याला खरेही वाटले.

वसंतोत्सवाचा दिवस उजाडला. राजमार्गावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुमार इंद्रजव शंखपादावर बसून निघाला. पंधरा वर्षांचा मुलगा, ओठ घट्ट मिटलेले, पाठ ताठ. सोमिल लगाम धरून शेजारून चालत होता. चौकात आल्यावर नगारा वाजला आणि फुले उधळायला शेकडो माणसांनी एकदम हात वर केले.

शंखपाद थांबला. त्याच्या डोळ्यांतले पांढरे दिसू लागले. सोमिलच्या मुठीत लगाम होता, त्यातून घोड्याच्या अंगाची थरथर त्याच्या मनगटापर्यंत आली, आणि त्याला कळले. पण कळून काही करायला वेळ उरला नव्हता. घोडा मागे सरला, बाजूला उधळला, आणि कुमार चौकातल्या बारवेच्या दगडी पायरीवर जाऊन आदळला. मांडीचे हाड मोडले होते. वैद्याने तपासून सांगितले की जिवाला धोका नाही, पण हा पाय जन्मभर आखूड राहील.

राजाचा संताप अनावर झाला. त्याने आचार्यांना पकडून आणवले. "घोडा कुणी असा केला? दोष कुणाचा?"

"माझा," आचार्य म्हणाले.

सोमिल पाच पावलांवर उभा होता. त्याने तोंड उघडले, पण शब्द फुटला नाही. राजाने निकाल दिला की सातव्या दिवशी भर मैदानात घोड्याला मारून टाकावे आणि आचार्यांना, आजवरची सेवा पाहून, हात न तोडता आसुडाचे तीस फटके द्यावेत. आचार्यांना घेऊन गेले तेव्हाही सोमिल तसाच तोंड उघडे ठेवून उभा होता.

पुढचे दिवस त्याने कसे काढले ते त्याचे त्यालाच ठाऊक. आचार्यांनी स्वतः कबूल केले आहे, मग आपण मध्ये बोलणारे कोण? असे एकदा वाटे. त्यांना खरोखरच काही माहीत नसेल, असेही वाटे. मग त्या वळांवर फिरलेला तळवा आठवे. पाचव्या दिवशी दुपारी तो भाकरी घेऊन बंदिशाळेत गेला. पहारेकरी ओळखीचा होता, त्याने आत सोडले.

"आचार्य, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

"नाही," आचार्य म्हणाले. "मी खरं बोललो. वळ मला त्याच दिवशी दिसले होते. गेल्या वर्षी घोडे सांभाळणाऱ्या एका मोतद्दाराने राजाचा घोडा लंगडा केला, तर त्याचे दोन्ही हात तोडले गेले. तुझं नाव सांगितलं असतं तर तुझेही गेले असते. म्हणून मी कारण सांगितलं नाही, नुसती मुदत मागितली. ती मिळाली नाही, तरी मी गप्पच राहिलो. तुझे हात वाचवताना त्या पोराच्या पायाचा विचार माझ्या मनात पुरता आला नाही."

सोमिल खाली बसला. "मग माझा दोष नाही?"

"आहे."

"दोघांचाही कसा असेल?"

"तेच मी इथे बसून बघतो आहे," आचार्य म्हणाले. "मलाही ते अजून नीट उलगडलेलं नाही."

आचार्यांना न उलगडलेले काही असू शकते, हे सोमिलला नवीन होते. त्याला वाटले होते, ते एक वाक्य बोलतील आणि सगळे मोकळे होईल. "मी काय करू?" त्याने विचारले.

"ते मी सांगणार नाही."

"का?"

"सांगितलं तर तू करशील, म्हणून." त्यांनी भाकरीचा अर्धा तुकडा त्याच्यापुढे सरकवला. दोघांनी मिळून भाकरी खाल्ली.

सातव्या दिवशी मैदान भरले. एका खांबाला शंखपाद बांधला होता, दुसऱ्याला आचार्य. कुमार इंद्रजवाला पालखीत घालून आणले होते, कारण मुलाने न्याय डोळ्यांनी पाहावा अशी राजाची इच्छा होती. सेवकाने आसूड आणून राजासमोर धरला. तेवढ्यात गर्दीतून सोमिल पुढे आला. त्याने शेला काढून राजाच्या पायांशी ठेवला.

"महाराज, आसूड मी चालवला. आचार्य सीमेवर असताना. बारा दिवस."

मैदानात एकच कुजबुज उठली. राजा म्हणाला, "मग इतके दिवस कुठे होतास?"

"भीती वाटत होती. आणि खरं सांगू का महाराज, मला काही कळतच नव्हतं. अजूनही सगळं कळलंय असं नाही. पण त्यांना फटके बसू नयेत, एवढं कळतंय."

राजाने आचार्यांकडे पाहिले. "तुम्ही म्हणालात, दोष माझा. हा म्हणतो, माझा. मला खेळ मांडलाय का दोघांनी?"

"दोघंही खरं बोलतो आहोत, महाराज," आचार्य म्हणाले.

राजाचा चेहरा लालबुंद झाला. आपल्या पोराचा पाय गेला आणि जबाबदार कोण ते कुणी धड सांगत नाही, हे त्याला सोसेना. त्याने सेवकाच्या हातून आसूड हिसकावला. "याच्यापासूनच सुरुवात करतो," असे म्हणून तो सोमिलकडे वळला आणि हात उगारला.

खांबाला बांधलेला शंखपाद मागच्या पायांवर खाली बसू लागला. त्याचे सर्वांग कापत होते आणि पायांतून मूत वाहत होते. ते सगळ्यांनी पाहिले. पण राजाची नजर त्याच्या पलीकडे गेली होती. पालखीत कुमार इंद्रजवाने दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरून मान खांद्यांत ओढून घेतली होती. पालखीच्या आसपास त्याला मारणारे कुणी नव्हते.

राजाचा हात हवेतच राहिला.

"इंद्रजव," तो म्हणाला. "तुला कोण मारतंय?"

कुमाराचे हात खाली आले नाहीत. मैदानात कुणी हलले नाही. पालखीचे भोई मान खाली घालून उभे होते, कारण ते राजवाड्यात राहणारे होते आणि त्यांना ठाऊक होते.

आचार्य बोलले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "महाराज, त्या दिवशी शंखपादाने बंड केलं नाही. तो भ्यायला. जे काही शिकला होता ते भीतीने शिकला होता. त्याहून मोठी भीती समोर आली तेव्हा आधीचं सगळं सुटलं."

"आणि माझा मुलगा?"

"कुमारांना मी ओळखत नाही. तुम्ही ओळखता."

राजाने आसुडाकडे पाहिले, जणू तो आपल्या हातात कसा आला हेच त्याला समजत नव्हते. मग तो त्याने जमिनीवर ठेवला, टाकला नाही, वाकून ठेवला. पालखीकडे जाण्यासाठी दोन पावले टाकली आणि थांबला, कारण तो जवळ येताना मुलगा आणखी आक्रसला होता. तसाच मागे वळून तो पायी राजवाड्याकडे चालू लागला.

निकाल काय झाला, ते कुणालाच कळेना. मंत्री एकमेकांची तोंडे पाहू लागले. शेवटी एका म्हाताऱ्या शिपायाने आचार्यांचे दोर सोडले. सोडू नका असे काही कुणी म्हणाले नाही. मग त्याने घोड्याचाही दोर सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरणावर पालखी आली. आत कुमार होता, पाय फळ्यांत बांधलेला. भोयांच्या पुढाऱ्याने निरोप सांगितला, "महाराजांनी म्हटलंय, शिकवा."

"कुणाला?" सोमिलने विचारले. "घोड्याला की कुमारांना?"

"तेवढंच म्हणाले. मी दोनदा विचारलं."

आचार्यांना हसू आले. "उतरवा त्यांना सावलीत," ते म्हणाले.

कुमाराला चालता येत नव्हते. तो कुंपणाच्या आत एका बैठ्या चौरंगावर हात मांडीवर ठेवून तासन् तास बसून राही. त्याला कुणी काही शिकवले नाही. महिन्याभराने शंखपाद येऊन त्याच्या केसांचा वास घेऊन गेला. कुमार इतका मोठ्याने हसला की घोडा दचकून दूर पळाला, आणि थोड्या वेळाने परत आला.

सोमिलकडे तो आला नाही. सोमिल रोज उभा राही. पावसाळा गेला, हिवाळा गेला, कुमार काठी घेऊन चालू लागला, तरी शंखपाद सोमिलकडे पाठ करून चरत असे. कधी सोमिलला कुमाराचा हेवा वाटे, कधी घोड्याचा राग येई, आणि राग आला की तो स्वतःच कुंपणाबाहेर जाऊन बसे. हे आता त्याला सांगावे लागत नसे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, शरदातल्या एका सकाळी, शंखपाद चरत चरत आला आणि त्याच्या शेजारी उभा राहून रवंथ केल्यासारखे तोंड हलवू लागला. त्याच्या खांद्याची ऊब सोमिलच्या खांद्याला लागत होती. सोमिलने हात खालीच ठेवले.

"आज माझ्यात कालच्यापेक्षा वेगळं काय होतं?" त्याने संध्याकाळी आचार्यांना विचारले.

"मला काही दिसलं नाही," आचार्य म्हणाले. "त्याला दिसलं असेल."

शंखपाद पुढे वीस वर्षे जगला, पण त्याने पुन्हा पाठीवर कुणाला घेतले नाही, आणि कुणी तसा आग्रहही धरला नाही. राजा दृढकेतू मधूनमधून कुरणावर येई. आत येत नसे. हात पाठीमागे बांधून तो कुंपणाशी उभा राही आणि आपला मुलगा घोड्यांमध्ये लंगडत फिरताना पाही. पहिली दोन वर्षे कुमार त्याच्याकडे आला नाही. तिसऱ्या वर्षी आला. आचार्यांच्या मागे सोमिलने ते कुरण चालवले आणि पुष्कळ मुलांना नुसते उभे राहायला शिकवले. ती मुलेही त्याला विचारीत की यात शिकायचे काय, आणि त्याला नेमके उत्तर देता येत नसे.

त्याच बोधिसत्त्वाने पुढे शास्ता, म्हणजे बुद्ध, झाल्यावर ही पूर्वजन्मीची कथा एका विहारात सांगितली. उत्पलक नावाच्या एका स्थविराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूने, पाठ चुकला म्हणून नव्याने दीक्षा घेतलेल्या एका लहान श्रामणेराच्या मुस्कटात मारली होती. भिक्षूंनी ते शास्त्याच्या कानावर घातले, तेव्हा स्थविर म्हणाला होता, "भगवन्, त्या दिवसापासून त्याचा पाठ एकदाही चुकलेला नाही. मग मी वाईट केलं की चांगलं, हेच मला कळत नाही."

कथा संपवून शास्ता म्हणाला, "उत्पलका, तेव्हाचा सोमिल तूच होतास. शंखपाद म्हणजे हा श्रामणेर. त्याचा पिता, जो आज दानासाठी आला आहे आणि दाराशी बसून ऐकतो आहे, तो राजा दृढकेतू होता. श्रामणेर रडत असताना जो भिक्षू सुनेत्र काही न बोलता त्याच्याजवळ बसून राहिला, तो कुमार इंद्रजव. आणि तो अश्वदमक मीच होतो. तेव्हा मी बोलायच्या वेळी गप्प राहिलो, त्याचे फळ एका मुलाने भोगले. म्हणून या वेळी वळ दिसताच बोलतो आहे."

उत्पलकाने श्रामणेराकडे पाहिले. श्रामणेर खाली पाहत होता. स्थविराला त्याची क्षमा मागायची होती, पण जवळ जावे की दूर राहावे हे ठरवता येईना. अखेर तो काही अंतरावर, हात मांडीत घेऊन, जमिनीवर बसला.

शास्ता भिक्षूंना म्हणाला, "राग आला असताना जो आपले हात आवरतो, त्याच्या त्या बळाला दम म्हणतात. आणि ज्याच्याजवळ यायला कुणाही जिवाला भीती वाटत नाही, त्याच्या ठिकाणी अहिंसा आहे. लहानांना शिकवू पाहणाऱ्याने हे दोन गुण आधी स्वतः शिकावेत."